बचतीच्या हिशेबात न धरलेले 300 रुपये

"मॅडम, बचत सुरू करते, पण टिकत नाही. आणि स्वतःसाठी काही घेतलं की रात्रभर चुटपुट लागते." ही तक्रार समुपदेशनात माझ्याकडे सतत येते. करणारे बहुतेक जण नियमित पगाराचे, हिशेबी, उधळेपणाचा लवलेश नसलेले. म्हणूनच एकदा सविस्तर लिहिते.

तिशीतली एक तरुणी (तपशील बदलले आहेत). पिंपरी-चिंचवडला नोकरी, हातात 42,000. भाडं, डबा, प्रवास, फोन आणि गावी पाठवायचे पैसे मिळून 24,000. उरलेले 18,000 पहिल्याच आठवड्यात बचतीत: 8,000 एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक), 6,000 आवर्ती ठेव (बँकेत दरमहा ठरावीक भरणा), 4,000 पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधी). कागदावर हिशेब देखणा होता. प्रत्यक्षात दर तीन-चार महिन्यांनी एका रात्रीत 12-14 हजारांची ऑनलाइन खरेदी व्हायची आणि क्रेडिट कार्डाचं बिल भरायला आवर्ती ठेव मोडावी लागायची. पीपीएफची मुदत 15 वर्षांची, तिथे हात घालणं अवघड. ठेव मोडणं सोपं, पण मुदतीआधी मोडली की व्याज कमी मिळतं. मग शिक्षा म्हणून पुढचा महिना आणखी कडक.

"माझ्यात संयमच नाही," हे तिचं निदान. मला ते पटेना. तीन-तीन महिने बाहेरचा चहासुद्धा न घेणाऱ्या मुलीत संयम नाही कसा म्हणायचा?

काही भेटींनंतर विचारलं, "त्या रात्री खरेदीच्या आधी काय झालं होतं?"

"काही नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक नेला. 300चा."

"मग?"

"घरी आले. वाटलं, या महिन्याचं मोडलंच आहे, आता काय उरलंय!"

"मग 14,000 कशामुळे गेले?"

ती बराच वेळ गप्प होती. मग सावकाश म्हणाली, "केकमुळे. माझ्या हिशेबात 300 रुपयांना जागाच नव्हती."

तिथे केस वळली. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांना हे ओळखीचं आहे: एक घोट घेतला की "आता मोडलंच" हा विचार येतो आणि बाटली संपवतो तो हा विचार. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझा विश्वास आहे, तो अशा क्षणांमुळेच. बचत व्हावी ही इच्छा निरोगी आहे. "एक रुपयाही इकडेतिकडे जाताच कामा नये" हा हट्ट मात्र बचतच बुडवतो.

तिचा पहिला उपाय होता, "महिनाभर नीट वागले तर स्वतःला बक्षीस." मी तो स्वीकारला नाही. बक्षीस वागण्याला बांधलं की चुकल्या महिन्यात ते रद्द होतं, म्हणजे पुन्हा शिक्षा. स्वतःवरचा खर्च दूधवाल्याच्या बिलासारखा हवा: महिना कसाही गेला तरी द्यायचाच.

मग मांडणी बदलली. बचत 14,000 (एसआयपी 6,000, आवर्ती ठेव 5,000, पीपीएफ 3,000), 2,000 आहेर, औषधं, चपला अशा सटीसहामाही खर्चांना, आणि 2,000 हक्काचे, म्हणजे स्वतःवर मनासारखे खर्च करायचे. बचत कमी करताना तिचा जीव कासावीस झाला. तेव्हा गेल्या 12 महिन्यांची खातेपुस्तिका काढायला लावली. ठरवलेली बचत 2,16,000, मोडतोड होऊन टिकलेली साधारण 1,60,000. नव्या मांडणीत वर्षाचे 1,68,000 होतात. आकड्यांपुढे वाद संपला.

हक्काच्या पैशांसाठी पगाराचं सोडून दुसरं बचत खातं घ्यावं आणि यूपीआय त्यालाच जोडावं. 2,000 एकदम टाकले तर पहिल्या आठवड्यातच संपतात, म्हणून दर शनिवारी 500. मोठं काही हवं असेल तर दोन-तीन महिने साठू द्यावं. क्रेडिट कार्ड आणि "आत्ता घ्या, नंतर द्या" या सोयी इथे नकोत. बचतीचे हप्ते पगारानंतर दोन-तीन दिवसांनी ठेवावेत. पगार सुट्टीमुळे लांबला आणि हप्ता परत गेला तर बँक दंड लावते, आणि "मोडलंच" म्हणायला आणखी एक निमित्त मिळतं. पीपीएफचे पैसे मात्र 5 तारखेपर्यंत जमा व्हावेत, नाहीतर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज जातं.

पहिल्या महिन्यानंतर ती अभिमानाने सांगत आली, "1,100 उरले, बचतीत टाकले!" मी ते परत त्याच खात्यात टाकायला लावले. उरलेलं दरवेळी काढून घेतलं तर हे पैसे खरंच आपले आहेत यावर मनाचा भरवसा बसत नाही. पुढच्या महिन्यात त्यातून भाचीला फ्रॉक घेतला गेला. दुसऱ्यांना काही द्यायला हिला मुळात संकोच नव्हता, म्हणून अशा भेटी आहेराच्या 2,000मधून द्यायच्या असं ठरलं.

कार्डाची थकबाकी असेल तर क्रम बदलतो. वर्षाला 36 ते 42 टक्के व्याज चालू असताना नवी बचत करण्यात अर्थ नाही, आधी ते फेडावं. तेव्हाही हक्काची रक्कम शून्य करू नये, 500 तरी ठेवावेत. खरेदीच्या लाटेबरोबर झोप उडत असेल, मन सतत खिन्न किंवा अतिउत्साही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. तिथे हिशेब पुरेसा नाही.

एप्रिलमध्ये तिचा पगार 3,000नी वाढला. वाटणी ती स्वतःच करून आली: 2,000 बचत, 500 आईला, 500 हक्काचे. मी त्यात काहीही बदललं नाही.