‘धार्मिक शिक्षण’ नाही, पण ‘धार्मिक शिक्षण’ चालेल?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या शाळांवरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यात ‘टीचिंग ऑफ रिलिजन’ला मनाई आणि ‘टीचिंग अबाउट रिलिजन’ला मुभा, असा फरक केला आहे. अनुवादात वाक्य झाले ते असे: “चर्च आणि राज्य यांच्या फारकतीमुळे पब्लिक स्कूलमध्ये धार्मिक शिक्षण देता येत नाही, मात्र धार्मिक शिक्षण देण्यास हरकत नाही.” आता यातून वाट कशी काढायची?

आधी ‘पब्लिक स्कूल’ काढून टाका. आपल्याकडे ज्या शाळेच्या नावात ‘पब्लिक’ असते तिची फी ऐकून पब्लिक लांबूनच नमस्कार करते. ही इंग्लंडची उसनवारी. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ करांच्या पैशावर चालणारी, सर्वांना मोफत असलेली शाळा. ‘सरकारी शाळा’ म्हटले की काम झाले.

खरी अडचण ‘धार्मिक शिक्षण’ची आहे, आणि ती तुमच्या एकट्याची नाही. आपल्या संविधानाच्या मराठी पाठातही अनुच्छेद 28 मध्ये हाच शब्द आहे: पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. मूळ इंग्रजीत तिथे ‘इन्स्ट्रक्शन’ आहे, ‘एज्युकेशन’ नाही. इन्स्ट्रक्शन म्हणजे श्रद्धा अंगी बाणवणारी शिकवण: प्रार्थना, पाठांतर, आचार. शिक्षणविषयक कोठारी आयोगाने (1964-66) एका धर्माची शिकवण वेगळी आणि धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे, हे स्पष्ट केले होते. 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही धर्मांचा अभ्यास या अनुच्छेदात अडकत नाही असेच म्हटले. मराठीत मात्र ‘शिक्षण’ या एका शब्दाने दोन्ही गिळून टाकले.

कोणी सुचवेल, ‘धर्माचे शिक्षण’ आणि ‘धर्मांचे शिक्षण’ असा भेद करा. कागदावर ठीक आहे. पण सगळा भार एका अनुस्वारावर, आणि तो अनुस्वार घाईत बोलताना सहज निसटतो. छापताना तो टिंब उडाला तर कायदाच उलटा होईल. शिवाय एकाच धर्माविषयी तटस्थपणे शिकवता येते आणि चार धर्मांची शिकवणही भक्तिभावाने देता येते. म्हणजे फरक एकवचन-अनेकवचनाचा नाहीच, तो विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययाचा आहे. ‘धर्माची शिकवण’ आणि ‘धर्माविषयी माहिती’ यांत तो कानालाही कळतो. मी पहिल्यासाठी ‘धर्मशिक्षण’ वापरेन. चर्चमधले रविवारचे वर्ग, मदरसा, जैन पाठशाळा, सगळीकडे चालते ते हेच. दुसऱ्यासाठी ‘धर्मांचा अभ्यास’. ‘अभ्यास’ म्हटले की प्रश्न विचारायची मोकळीक आपोआप येते.

(जाता जाता: ‘धर्म’ आणि ‘शाळा’ हे दोन शब्द मराठीत फार पूर्वीच एकत्र आले, आणि त्यातून निघाली ती धर्मशाळा. तिथे ना धर्म शिकवतात ना शाळा भरते. तिथला धर्म दानधर्मातला आणि शाळा गोशाळेतली.)

हा भेद अमेरिकेत न्यायालयात कसा ठरला ते पाहिले की शब्द निवडणे सोपे जाते. पेनसिल्व्हेनियात कायदाच होता की रोज शाळा भरताना बायबलमधली किमान दहा वचने, कोणतेही भाष्य न करता, वाचायची. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ते घटनाबाह्य ठरवले. त्याच निकालात असेही म्हटले की इतिहास किंवा साहित्य म्हणून बायबल अभ्यासायला काहीच आडकाठी नाही. गंमत ‘भाष्य न करता’ यात आहे. भाष्य नाही म्हणजे ते पारायण झाले. वर्गात त्यावर चर्चा झाली असती, तुलना झाली असती, तर तो अभ्यास ठरण्याची शक्यता होती. त्यामुळे या निकालाच्या बातमीला ‘शाळांत धर्म शिकवण्यास बंदी’ असा मथळा देणे साफ चूक. मुलांनी आपापली प्रार्थना करण्यालाही बंदी नाही. बंदी आहे ती शाळेने ती करवून घेण्याला.

आता ‘फारकत’. शब्द झकास आहे, पण फारकत व्हायला आधी संसार असावा लागतो. फ्रान्सला तो चपखल बसतो. तिथे नेपोलियनने 1801 मध्ये पोपशी करार केला, पाद्र्यांना सरकारी पगार सुरू झाले, आणि 1905 च्या कायद्याने ते नाते रीतसर मोडले. आल्सास आणि मोझेल हे आज फ्रान्समध्ये असलेले भाग तेव्हा जर्मनीकडे होते, म्हणून तिथे फारकत झालीच नाही, आणि तिथल्या सरकारी शाळांत आजही धर्मशिक्षणाचा तास असतो. अमेरिकेच्या संघराज्याचा मात्र कोणत्याही चर्चशी संसार नव्हताच. काही राज्यांचा होता: कनेक्टिकटमध्ये 1818 पर्यंत, मॅसॅच्युसेट्समध्ये 1833 पर्यंत. कनेक्टिकटमधल्याच डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी, म्हणजे एका अल्पसंख्य ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, राष्ट्राध्यक्ष जेफरसनला पत्र लिहिले आणि 1 जानेवारी 1802 च्या उत्तरात त्याने चर्च आणि राज्य यांच्यामधल्या ‘भिंती’ची प्रतिमा वापरली. म्हणजे भिंत हवी होती ती धार्मिक माणसांनाच. तेव्हा ‘धर्मसत्ता आणि राजसत्ता’ ही इतिहासाच्या पुस्तकातली जोडीही इथे नको, कारण त्या बॅप्टिस्टांच्या हाती कसली आली सत्ता! आणि नुसते ‘चर्च’ म्हटले तर मराठी वाचकाला घंटा असलेली इमारत दिसते. ‘धर्मसंस्था’ म्हणा. ‘फारकती’ऐवजी तर नाम शोधूच नका, क्रियापद वापरा.

माझे वाक्य असे होईल: “धर्मसंस्था आणि राज्य यांनी एकमेकांपासून वेगळे राहायचे असल्याने अमेरिकेतल्या सरकारी शाळांत धर्मशिक्षण देता येत नाही, धर्मांचा अभ्यास मात्र करता येतो.” लेखात पुढे ‘सेक्युलर’ आले तर ते ‘निधर्मी’ करू नका. ‘धर्मनिरपेक्ष’ आपल्या संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात आहे, तेच ठेवा. हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ का, हा वाद मोठा आहे. त्यासाठी वेगळा प्रश्न टाका.