ओ येईपर्यंत टेप थांबवू नकोस

अनेक आशीर्वाद.

अलास्कातल्या जूनोला जायचं नक्की झालं आणि जुन्या टेपा डिजिटल करायचं काम मिळालं, हे वाचून फार बरं वाटलं. यंत्रांबद्दल तू पुष्कळ विचारलं आहेस, त्याचं उत्तर आधी उरकते. ज्या टेपला व्हिनेगरसारखा आंबट वास येईल ती सगळ्यांत आधी घे, तिचे दिवस भरत आलेत. जतनाची प्रत 96 किलोहर्ट्झ, 24 बिटवर कर आणि तिच्यावर खरखर घालवणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नकोस.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुझ्यापुढे तिथल्या मूळ रहिवासी ट्लिंगिट लोकांची शोकगीतं येतील. यादी करताना तू प्रत्येक गाणं वेगळं काढून त्याला क्रमांक देशील, मधली बोलणी ‘भाषण’ म्हणून बाजूला टाकशील. सगळे तसंच करतात. तू करू नकोस.

का, ते समजायला त्यांची नाती बघ. ट्लिंगिट माणूस आईच्या कुळाचा. सगळी कुळं दोन बाजूंत वाटलेली, एक डोमकावळ्याची, एक गरुडाची, आणि परंपरेने लग्न पलीकडच्या बाजूशीच. म्हणजे वडील, आत्या, काका कायम समोरच्या बाजूचे. घरात कोणी गेलं की अंत्यविधीची कामं ही समोरची बाजू अंगावर घेते. मग साधारण वर्षभराने मृताचं कुळ त्यांना बोलावतं. या समारंभाचं नाव कू-ईख, आणि शब्दाचा अर्थही बोलावणं असाच. यजमान आधी आपली शोकगीतं म्हणतात. ती झाली की पाहुण्यांतले जाणते एकेक करून उठतात, आपल्या कुळाची पांघरुणं, टोप्या पुढे आणतात आणि बोलून बोलून यजमानांचं दुःख उतरवतात. त्यानंतर हसणं, जेवण, भेटवस्तू.

1968 साली त्याच भागातल्या हूना गावात जिम मार्क्स यांच्यासाठी असा समारंभ झाला आणि तो टेपवर उतरला. यजमान चूकनेदी, गरुडाच्या बाजूचं कुळ. त्यांना उत्तर द्यायला उठलेल्यांत डोमकावळ्याच्या बाजूच्या जेसी डाल्टन होत्या. समोर मांडलेल्या पांघरुणांतून त्या गेलेल्या माणसांना जणू खोलीत बोलावून आणतात, रडणाऱ्यांच्या शेजारी उभं करतात. नोरा मार्क्स डाऊनहाऊर या जिम मार्क्स यांच्याच घरातल्या. ट्लिंगिट त्यांची मातृभाषा. त्यांनी आणि त्यांचे पती रिचर्ड यांनी ही भाषणं शब्द न् शब्द उतरवली आणि 1990 साली मूळ भाषेसह छापली. टेप गाण्यापाशीच थांबवली असती तर आज आपल्याकडे नुसतं रडणं उरलं असतं, डोळे पुसणारा हात नाही. शोकगीत ही हाक आहे, तिला ओ यायची आहे.

हे मी स्वतः चूक करून शिकले. मावळातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या मी तरुणपणी मुद्रित केल्या होत्या. स्वच्छ प्रत करताना सुरुवातीचं बोलणं ‘गोंगाट’ म्हणून कापलं. ही ओवी कुणाच्या मरणावर, ती त्यांना कुणी शिकवली, हे सगळं त्या बोलण्यात होतं. मूळ टेपवर मी पुढे दुसरंच काही भरलं. आजी आता नाहीत. ओवी आहे, पण ती कुणाची ते मला सांगता येत नाही, आणि याची बोच अजून गेलेली नाही.

ट्लिंगिट गाण्यांत तर ‘कुणाची’ हाच पहिला प्रश्न. कुळाच्या मालकीच्या गोष्टींना ते अट-ऊव म्हणतात, म्हणजे मोल देऊन मिळवलेली वस्तू. त्यात चिन्हं, नावं, जमिनी येतात आणि गाणीही. हे मोल पुष्कळदा कुणाच्या तरी जिवाचं असतं. हूनाजवळच्या ग्लेशियर बे या उपसागराची गोष्ट ऐकशीलच. हिमनदी गावावर चालून आली, सगळ्यांना घरं सोडावी लागली, आणि एक बाई घरातच मागे राहिली. होड्यांत बसलेल्या माणसांनी तिच्यासाठी, घरासाठी गाणं म्हटलं. भूगर्भशास्त्रही ती हिमनदी 1750च्या सुमारास सगळ्यात पुढे आली होती असं सांगतं. तेव्हापासून ती जवळपास शंभर किलोमीटर मागे हटली आहे. बर्फ गेला, पण गाणं चूकनेदी कुळाचंच राहिलं. 2016 साली त्याच उपसागराकाठी हूनाच्या लोकांचं कुळघर पुन्हा उभं राहिलं.

तेव्हा टेप संस्थेच्या कपाटात आहे म्हणून गाणं संस्थेचं होत नाही. मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिका द लागुना यांनी 1952 आणि 1954 साली याकुटाट या ट्लिंगिट गावात गाणी मुद्रित केली, पण रचणारा कोण, कुणासाठी रचलं, कुळ कुठलं, हेही टिपलं, म्हणून तो संग्रह आज त्या घरांना उपयोगी पडतो. तुझ्या तक्त्यात ‘गायक’ आणि ‘संग्राहक’ हे रकाने तयारच असतील. ‘कुळ’ हा रकाना तू घाल आणि तो सगळ्यात आधी भर. शोकगीत एरवी सहज ऐकवायचं नसतं, तेव्हा प्रशिक्षणात नमुना म्हणून किंवा आम्हाला घरी पाठवायला म्हणून एकही वाजवू नकोस. मलासुद्धा नको. कुळातल्या वडीलधाऱ्यांना विचार, ते नाही म्हणाले तर नाही.

मराठीत याबद्दल लिहिशील तेव्हा ‘रडगाणं’ हा शब्द टाळ. आपल्याकडे त्याला कुरकुरीचा वास आहे, आणि इथे तर मान राखून, ताठ उभं राहून दुःख मांडलं जातं.

गाणं संपलं की बोट बटणाकडे जाईल. जाऊ देऊ नकोस. कुणी खोकेल, खुर्ची सरकेल, बराच वेळ काहीच ऐकू येणार नाही. मग पलीकडच्या बाजूचं कुणीतरी बोलायला लागेल. रीळ पुरती रिकामी होईपर्यंत ऐक, आणि उलटी बाजूही लावून बघ.

पोचल्यावर कळव. लोकरीचे मोजे जास्तीचे घे, तिथला पाऊस आपल्यासारखा जून-सप्टेंबरपुरता नसतो.

तुझी,
बाई