स्टुडिओचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी

प्रश्न : वय २९, पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आईवडिलांसोबत राहतो. पाच वर्षं पूर्णवेळ इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक तयार करतो, रिमिक्स करतो, क्लबात आणि कार्यक्रमांत सेट वाजवतो. गेल्या वर्षी १३ लाख ४० हजार आले : सेटचे ८ लाख, दहा रिमिक्सचे प्रत्येकी ३५ हजार, दुसऱ्यांच्या नावावर ट्रॅक करून दिल्याचे दीड लाख आणि स्ट्रीमिंगचे ४० हजार (साधारण ६ लाख स्ट्रीम). घरखर्च महिन्याला ४५ हजार, बचत खात्यात ९ लाख. १५ लाखांचा स्टुडिओ उभारायचा आहे. ९ लाख घालून उरलेल्या ६ लाखांचं कर्ज घेऊ (१८ टक्के, पाच वर्षं), की सगळंच कर्ज काढून बचत एसआयपीत टाकू? तीन वर्षांत स्ट्रीमिंगमधून हप्ता निघेल असा अंदाज आहे. भविष्याची सोय म्हणून वर्षाला २ लाख ४० हजारांची पॉलिसी घेतली आहे, दोन हप्ते भरले, तिसरा जुलैत आहे. टीडीएस कापलेलाच असतो, त्यामुळे रिटर्न भरत नाही.

उत्तर : दोन्ही पर्यायांना नाही. १८ टक्क्यांनी पैसे उसने आणून बारा टक्क्यांच्या आशेवर एसआयपी करायची नसते, आणि सगळी बचत भिंतींत घालून वर कर्जही काढायचं नसतं. पण तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट स्टुडिओ नाही. ज्या पॉलिसीला तुम्ही भविष्याची सोय म्हणता, ती आहे.

सोबत पाठवलेल्या माहितीपत्रकानुसार वर्षाला २ लाख ४० हजार बारा वर्षं भरायचे, म्हणजे २८ लाख ८० हजार. विसाव्या वर्षाच्या शेवटी ५२ लाख मिळणार. एजंटने 'जवळजवळ दुप्पट' सांगितलं, आणि ते ऐकायला बरं वाटतं. पण पैसा सरासरी साडेचौदा वर्षं अडकतो. व्याजाचा दर काढला तर वर्षाला चार टक्क्यांच्या किंचित वर पडतो. पीपीएफचा ७.१ टक्के दर धरला तर याच हप्त्यांचे ८० लाख होतात. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखच भरता येतात हे खरं, पण सरकारी हमीच्या योजनेशी तुलना केल्यावर २८ लाखांचा फरक दिसतो, आणि तो तुमच्या खिशातून जातो. विमा म्हणावा तर संरक्षण २४ लाखांचं. घरात तुम्ही एकटे कमावते. ४५ हजारांच्या घरखर्चाला ते साडेचार वर्षंही पुरणार नाही.

'कर वाचेल' हेही तुम्हाला सांगितलं होतं. नव्या करपद्धतीत हप्त्याची वजावट मुळात मिळतच नाही. आणि २०२५-२६ पासून त्याच पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. तुमच्या १३.४ लाखांतून प्रवास, सॉफ्टवेअर, उपकरणांचा घसारा, मदतनीसाचे पैसे असा खरा खर्च वजा केला की उत्पन्न सहज १२ लाखांच्या आत येतं. कर शून्य असेल तर पॉलिसीने वाचवायला काही उरतच नाही. तुमच्यासारख्या अनियमित कमाईच्या माणसाला बारा वर्षांचा ठरलेला हप्ता गळ्यात घालणं ही चुकीची विक्री आहे, आणि मी त्याला दुसरा शब्द वापरणार नाही.

कमाईचं वेळापत्रक बघा. गणेशोत्सव आणि नवरात्रीपासून सुपाऱ्या सुरू होतात, दिवाळीनंतर लग्नसराई आणि हळदी, मग ३१ डिसेंबर, आणि उन्हाळी लग्नं संपली की मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत शुकशुकाट. मोठ्या महोत्सवांवरही घर चालवता येत नाही. सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव २००७ मध्ये गोव्यात सुरू झाला, २०१६ मध्ये पुण्याजवळ आला, पुन्हा गोव्याला गेला आणि २०२५ मध्ये मुंबईत झाला. उघड्यावरच्या कार्यक्रमांना रात्री दहाची मर्यादा असतेच. मोजके दिवस सूट मिळते. एक परवानगी नाकारली गेली की एका रात्रीचे ८० हजार जातात. अशा धंद्यात २ लाख ४० हजारांचा हप्ता जुलैत, म्हणजे सर्वांत कोरड्या महिन्यात. त्यावर कर्जाचा हप्ता १५ हजार आला की ठरलेला बोजा महिन्याला ३५ हजार होतो, घरखर्चाच्या पाऊणपट. पाच वर्षांत सहा लाखांचे नऊ लाख फेडाल ते वेगळंच.

आता काय करायचं. या आठवड्यात विमा कंपनीला लेखी विचारा : आज सरेंडर केली (मुदतीआधी बंद करून पैसे परत घेतले) तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली (भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू ठेवली) तर विसाव्या वर्षी किती. दोन्ही आकडे कागदावर हवेत, एजंटच्या तोंडून नकोत. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीची असेल तर दोन हप्त्यांनंतर किमान ३० टक्के, म्हणजे एक लाख ४४ हजार परत मिळतात. त्या तारखेनंतरची असेल तर नियम बदलल्यामुळे बरेच जास्त मिळायला हवेत. समजा निम्मे, २ लाख ४० हजार मिळाले. 'एवढं नुकसान कसं सोसू' हा प्रश्न मनात येईल. पण गेलेले पैसे दोन्ही वाटांनी गेलेलेच आहेत. आज मिळणारे २ लाख ४० हजार सोडून पुढचे दहा हप्ते भरत राहिलात, तरी यापुढच्या पैशावरचा परतावा पाच टक्क्यांच्या आतच बसतो. म्हणून सरेंडर. आकडा फारच कमी आला तर पेड-अप. तिसरा हप्ता मात्र कोणत्याही स्थितीत भरू नका, आणि 'एकच हप्ता भरा, मग बघू' हे ऐकू नका.

एजंटचे 'दुप्पट' आणि 'टॅक्स फ्री'चे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा. पूर्ण परतावा मागणारी तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे आणि फी लागत नाही. यश मिळेलच असं नाही, पण संदेश हातात असताना न मागणं चूक ठरेल.

रिटर्नबद्दल. टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला, हा समज तुम्हाला महागात पडतोय. तुमच्या बिलांवर १० टक्क्यांनी साधारण सव्वा लाख कापले गेले. कर शून्य असेल तर ते सगळे तुमचे आहेत, पण रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. मुदत चुकली तर उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. त्यानंतर अद्ययावत रिटर्नमधून परतावा मागता येत नाही. मागच्या वर्षांसाठी उशीर माफ करण्याचा अर्ज करावा लागतो, तो पाच वर्षांपर्यंत करता येतो. कलावंतांची कामं बघणारा सीए गाठा आणि फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद) काढायला सांगा. कर्जाचा दर १८ टक्के का आला, याचंही उत्तर इथेच असावं : रिटर्न नसलेल्या माणसाला बँक सहसा उभं करत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागेल, ती तारीखही डोक्यात ठेवा.

आता तुमचा स्ट्रीमिंगचा अंदाज. ६ लाख स्ट्रीमचे ४० हजार म्हणजे एका स्ट्रीमला साडेसहा पैशांच्या किंचित वर. वर्षाचा कर्जहप्ता १ लाख ८३ हजार. तो निघायला दरवर्षी २७ लाखांहून अधिक स्ट्रीम हवेत, एकदा नव्हे, पाचही वर्षं. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या ट्रॅकला बारा महिन्यांत हजार स्ट्रीम होत नाहीत त्याला काहीच मिळत नाही, म्हणजे क्वचितच ऐकल्या जाणाऱ्या जुन्या ट्रॅकची लांब शेपटीही कामाची नाही.

पत्रात तुम्ही इमानबेक या रिमिक्स करणाऱ्याचं उदाहरण दिलंय. कझाकस्तानातल्या अक्सू गावच्या या पोराने 'रोझेस' या गाण्याचा रिमिक्स परवानगी न घेता केला, नंतर तो अधिकृत झाला आणि २०२१ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. उदाहरण मोठं आहे, पण त्यावरून कर्ज काढता येत नाही. त्याने तो रिमिक्स १५ लाखांच्या खोलीत केला नव्हता, एवढं मात्र त्यातून जरूर घ्या.

तुमच्या रिमिक्सची खरी अडचण करारात आहे. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात ३५ हजार एकरकमी, सर्व हक्क कायमचे लेबलकडे, म्हणजे संगीत कंपनीकडे. मूळ गाण्याचे संगीतकार तुम्ही नाही, रेकॉर्डिंग लेबलचं. म्हणून रिमिक्स कितीही वाजला तरी तुम्हाला पुन्हा रुपया येत नाही. गणपतीत सगळ्या गल्ल्यांत वाजला तरीही. पुढच्या करारात हे मागा : निम्मे पैसे स्टेम (गाण्याचे सुटे भाग) हातात येण्याआधी, बाकी फाइल देताना, दोनच फेऱ्या दुरुस्त्या, तिसरीचे वेगळे, नावाचा उल्लेख सर्वत्र, आणि फीशिवाय रेकॉर्डिंगच्या निव्वळ उत्पन्नात काही टक्के. मोठं लेबल टक्के देणार नाही, लहान देतात. नकार आला तर फी ५० हजार सांगा. परवानगीशिवाय केलेले रिमिक्स यूट्यूबवर कंटेंट आयडीत (हक्काचं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) अडकतात आणि जाहिरातीचे पैसे मूळ हक्कदाराकडे जातात. ते ओळख वाढवायला करा, हिशेबात धरू नका.

परत परत पैसे देते ती तुमची स्वतःची रचना. तुमच्याकडे नऊ मूळ ट्रॅक आहेत आणि आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सदस्यत्व नाही! ते आधी घ्या आणि प्रत्येक रचना नोंदवा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कराराने काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. 'सर्व हक्क दिले' असं लिहिलेल्या जुन्या करारांतही तुमच्या मूळ रचना असतील तर वकिलाला दाखवा. स्ट्रीमिंगवर ट्रॅक पोचवणाऱ्या सेवेला डब्ल्यू-८बेन फॉर्म (तुम्ही अमेरिकेबाहेरचे आहात हे सांगणारा तिथला कर फॉर्म) भरून द्या, नाहीतर अमेरिकेतल्या कमाईवर १५ ऐवजी ३० टक्के कापले जातात. त्या सेवेची वार्षिक फी थांबली तर ट्रॅक उतरवले जातात का, तेही तपासा.

स्टुडिओ हवाच, पण दोन लाखांचा. तुमच्या अंदाजपत्रकात ध्वनिरोधक बांधकामाचे ५ लाख आहेत. भाड्याच्या फ्लॅटमध्ये ते घरमालकाला दान होतं. ७ लाखांचे डीजे प्लेअर आणि मिक्सर नकोत, ते क्लब देतो. सरावाला साधा कंट्रोलर पुरतो. खरा दोष खोलीत आहे. तुमची १० बाय १० ची चौकोनी खोली सर्वांत वाईट : दोन्ही बाजूंना ५७ हर्ट्झच्या आसपास एकच घुमणं, नेमकं किक ड्रमच्या जागी. म्हणून घरी भारदस्त वाटणारा ट्रॅक क्लबात पोकळ लागतो. शक्य असेल तर हॉलची लांबट बाजू घ्या. कोपऱ्यांत आणि भिंतींवर चार इंच जाडीचे रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचे) आठ-दहा पॅनल, सुताराकडून करून घेतले तर ४० हजार. फोमचे पातळ तुकडे खालच्या सुरांना काही करत नाहीत. मॉनिटर स्पीकरची जोडी ५५ हजार, ऑडिओ इंटरफेस १८, हेडफोन १५, सॉफ्टवेअरचे परवाने ४५. झाले १ लाख ७३ हजार.

९ लाखांतले ४ लाख मुदत ठेवीत आणि लिक्विड फंडात, आठ-नऊ महिन्यांचा घरखर्च म्हणून. एक कोटीचा टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) तुमच्या वयात साधारण १०-१२ हजारांत बसतो. स्वतःचा आणि आईवडिलांचा आरोग्य विमा वेगवेगळा घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे टाळायला कारणही उरलेलं नाही. एसआयपी ठरलेल्या तारखेची नको : प्रत्येक बिलाचे पैसे आले की १५ टक्के इंडेक्स फंडात, त्याच दिवशी. सरेंडरचे पैसेही तिथेच, सहा महिन्यांत विभागून.

पत्रात शेवटी 'हल्ली सेटनंतर कान वाजतात' असं सहज लिहिलंय. हळूहळू येणारा बहिरेपणा अपघात विम्यात बसत नाही, आणि तुमची सगळी कमाई कानांवर उभी आहे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं. कानाच्या मापाचे संगीतकारांचे इअरप्लग करून घ्या आणि याच महिन्यात ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करा. या दोन खर्चांसाठी पॉलिसीच्या पैशाची वाट बघू नका.