ऑर्डर घटली म्हणजे खप तेवढाच घटला असं नाही

प्रिय मित्रा,

ऑर्डर ३० टक्क्यांनी घटली, आता माणसं कमी करू का, असं विचारतोस. आधी शेवटचं गिऱ्हाईक किती माल नेतंय ते काढ.

दुकानदार महिन्याला १०० नग विकतो आणि दोन महिन्यांचा, म्हणजे २०० नगांचा साठा ठेवतो असं धर. खप ९० वर आला की त्याला १८० चा साठा पुरतो. मग ९० विकून तो तुझ्याकडून ७० च उचलतो. खप घटला दहा टक्के, ऑर्डर तीस. खप ९० वर टिकला तर पुढच्या महिन्यात ऑर्डरही ९० ची येईल. म्हणून विक्रेत्यांकडून दर महिन्याला विक्री आणि शिल्लक, दोन्ही आकडे मागून घे. तेजीतही हेच उलटं होतं: खप ९० वरून १०० झाला की ऑर्डर येते १२० ची. तेवढ्यावर नवं मशीन घेऊ नकोस.

बातम्यांतला पीएमआय, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना विचारून काढलेला निर्देशांक, ५० च्या वर गेला, एवढ्याने हुरळून जायचं कारण नाही. गेल्या महिन्यापेक्षा बरं चाललंय म्हणणारे जास्त, इतकंच त्यातून कळतं. किती बरं, ते नाही.

सूट देताना हिशेब कर. विक्रीच्या किमतीवर मार्जिन २५ टक्के असताना १० टक्के सूट दिलीस, तर तेवढाच ढोबळ नफा मिळवायला सुमारे ६७ टक्के जास्त नग विकावे लागतात. थंड बाजारात ते कुठून आणणार? पडून राहिलेला माल मात्र खुशाल स्वस्तात काढ, तिथे अडकलेला पैसा सुटणं महत्त्वाचं.

खरा धोका उधारीत आहे. सगळे हात आखडते घेत असताना एखादी पार्टी अचानक जास्त माल उधारीवर मागते, तेव्हा बाकीच्यांनी तिला माल देणं थांबवलंय का, ते तपास. निव्वळ नफा ५ टक्के असेल तर बुडालेले १०० भरून काढायला २,००० ची विक्री लागते. बिलं ३०, ६०, ९० दिवस अशी वयाप्रमाणे लाव. ६० च्या पुढचं फिटेपर्यंत नवा माल नाही. वसुलीचा पहिला फोन मुदत संपायच्या आधीच कर.

आणि पुढच्या १३ आठवड्यांची रोख आवक-जावक मांड. आवकेत पार्टीने कबूल केलेली तारीख धरू नकोस, तिची आजवरची सवय धर. ज्या आठवड्यात शिल्लक उणे दिसेल, त्याबद्दल बँकेशी आत्ताच बोल.