नव्या सरांना: मुलांची प्रार्थना मुलांचीच राहू द्या

सर, कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू होताय, अभिनंदन! सुरुवातीला एवढंच सांभाळा.

- पेपरआधी एखादं पोर डोळे मिटून पुटपुटतं. पुटपुटू द्या. कुणाला म्हणतोस, विचारू नका.
- परिपाठात धार्मिक काही म्हणायची सक्ती नको. पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षणाला संविधानाच्या कलम २८ ची मनाईच आहे. बारकावे नंतर वाचा.
- नवे शिक्षक हमखास चुकतात ते रमजानात. रोजा धरलेल्या मुलीला खिचडीच्या रांगेत ‘थोडं खा गं’ म्हणतात, किंवा वर्गासमोर कौतुक करतात (हे तर जास्तच वाईट, दुसऱ्या दिवशी इतरांवर दडपण). तिला सावलीत बसू द्या, खेळाच्या तासाला पळवू नका. चक्कर आली तर पाणी द्या, लगेच घरी फोन करा.

पालकांचे नंबर मात्र पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा.