मजुरांचे पक्ष आजच्या कामगारांच्या कामाचे कसे राहतील?

आमच्या यवतमाळकडं बाया किलोच्या भावानं कापूस वेचतात अन् पोट्टे पुण्यात ॲपवर डिलिव्हरी करतात, दोघायलेही ना पीएफ ना पक्का मालक, मग कारखान्याच्या गेटवर सभा घेणारा पक्ष त्यायले भेटणार कुठं? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा गिरणी कामगारासोबत खोतीखालचं, म्हणजे कोकणातल्या खोत जमीनदाराची जमीन कसणारं, कूळही धरलं होतं, मला तर तेच सगळ्यात मोलाचं वाटते. राजस्थाननं २०२३ मध्ये गिग, म्हणजे ॲपवर काम करणाऱ्या, कामगारांसाठी कायदा केला. आपल्याकडं १९६९ चा माथाडी, म्हणजे हमालांसाठीचा, कायदा आहेच ना, मालक बदलत राहिला तरी मजुरी अन् लेव्ही (मालकानं मजुरांच्या सोयींसाठी वरून भरायची रक्कम) बोर्डात जमा होते, पक्षवाल्यांनो, तसंच बोर्ड वेचणीवाल्या बायांसाठी मागा, अन् निवडणूक नसतानाही पहाटे मजुरांच्या गाड्या भरतात तिथं येऊन उभे राहा.