मे महिन्यात पोरांना समुद्र दाखवायचाय, कुठं न्यावं?

सुट्ट्या लागायच्या आधीच पत्रांचा ढीग आलाय आणि निम्म्या पत्रांत एकच विषय, समुद्र. सगळी छापत नाही, तीन घेतलीत.

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन पोरं, मोठी अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. दोघांनीही अजून समुद्र बघितलेला नाही, धाकट्याला वाटतं समुद्र म्हणजे आपल्या उजनी धरणापेक्षा जरा मोठा असेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आम्ही पूर्ण शाकाहारी, गाडी वॅगनआर, रजा पाच दिवस, बजेट पस्तीस हजार. मिस्टर म्हणतात गणपतीपुळे, म्हणजे दर्शन पण होईल. नणंद म्हणते गोवा. मुलगी म्हणते जिथं स्कुबा आहे तिथं. आणि मला तर पाण्याचीच भीती वाटते. काय करू?

उत्तर : अहो, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावातली पोरं आपली, आमच्या लेकानं पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा मला विचारलं होतं, "आई, हे बंद कोण करतं?" तेव्हा तुमच्या धाकट्याचं काही चुकलेलं नाही.

आधी गणपतीपुळ्याचं बोलून टाकू. देवस्थान सुंदर आहे, डोंगराला प्रदक्षिणा घालायची, समोर समुद्र, मन भरतं. पण तिथला किनारा पोरांना पाण्यात सोडण्यासारखा नाही. चार पावलं गेलं की एकदम खोल होतं आणि आतून ओढ असते, दरवर्षी तिथं कुणी ना कुणी बुडतं, बोर्ड लावलेत तरी माणसं ऐकत नाहीत. आपल्याकडच्या लोकांचं काय होतं, आपण टँकमध्ये नाहीतर विहिरीत पोहायला शिकतो, तिथलं पाणी जागच्या जागी असतं. समुद्राचं पाणी चालतं. हा फरक पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणी सांगतच नाही.

तुमच्या घरासाठी मी मालवण म्हणेन. मालवण गावातच चिवला बीच आहे, समोर खडक असल्यामुळं लाटा तिथंच मोडतात आणि किनाऱ्याला येईपर्यंत नरम होतात. सहा वर्षांच्या पोराला गुडघाभर पाण्यात बसवायला मला त्यासारखी जागा दुसरी आवडत नाही. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर, तिथली वाळू पांढरी, फोटो छान येतात, पण गर्दी आणि जेट स्कीचा धिंगाणा, तर तिथं एक संध्याकाळ पुरे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं होडीतून फिरा, संगमावर पाण्यात उतरू मात्र नका.

आणि सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं, मालवणच्या धक्क्यावरून होडीनं थोड्याच वेळात पोचता. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी गोड्या पाण्याच्या, हे पोरांना तिथं उभं करून दाखवा, पुस्तकातला धडा एकीकडं आणि ते पाणी बघणं एकीकडं. सासूबाईंना होडीत चढता-उतरताना त्रास होईल, त्यांना धक्क्यावर सावलीत सरबत देऊन बसवा, जबरदस्ती नको. होडीत बसताना लाइफ जॅकेट लहान मापाचं मागून घ्या, मोठ्या माणसाचं जॅकेट लहान पोराला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खाली राहतं. लहान माप नाही म्हणाले तर ती होडी सोडा, दुसरी असते.

मुलीच्या स्कुबाचं, वयाची अट आधी फोनवर विचारा. तिला सर्दी असेल, कान ठणकत असेल तर अजिबात नको, खाली गेल्यावर कानावर दाब येतो. स्नॉर्केलिंग करू दे, मासे त्यातही दिसतात.

आता तुमच्या भीतीचं. ती राहू दे, कामाची आहे. फक्त तिला जरा हिशोब द्या.

मी एकदा पोरांना घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेले होते, गेल्यावर तिथं गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याचं तळं, पोरं रमली, मी पण रमले, आणि परत निघालो तर जिथून कोरड्या पायांनी आलो तिथं मांडीएवढं पाणी. एकाला खांद्यावर घेतलं, दुसऱ्याचा हात धरला, चपला गेल्या त्या गेल्याच. काठावर आल्यावर एक म्हातारे कोळी काका म्हणाले, पंचांग बघून यायचं ना. मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी खरंच हिशोब शिकवला, तो तुम्हाला देते.

तिथीला पाऊणपट करायचं, की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला अकराचे पाऊणपट सव्वाआठ. जागेप्रमाणं तासाभराचा फरक पडतो, पण अंदाज येतो. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्याचाच हा हिशोब. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं, घरोघरी भिंतीला असतं, आणि एकादशी कधी हे तर आपल्या जिल्ह्यात कुणी कुणाला सांगायचीही गरज नाही!

अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणजे ओढ पण जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं-उतरतं. आणि पोरांना पाण्यात सोडायचं ते भरती चढत असताना, ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. हे सगळं एकत्र केलं तर बघा, नवमी ते एकादशी या दिवसांत संध्याकाळी चार ते सहा पाणी चढतं असतं आणि जोरही कमी असतो. पक्ष कुठलाही चालेल, शुद्ध किंवा वद्य. हॉटेल बुक करताना हेच दिवस पकडा, बाकी सगळं नंतर. चढत्या पाण्यात सुद्धा पोर हाताच्या अंतरावर हवं, मोबाईल सासूबाईंकडं.

महिन्याचं पण गणित आहे. परीक्षा एप्रिलच्या शेवटी संपतात, आणि साधारण २५-२६ मे पासून ३१ ऑगस्टपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. त्यात पावसाचा भरवसा नाही, २०२५ ला २५ मे लाच मान्सून देवगडपर्यंत आला होता, ज्यांनी शेवटच्या आठवड्याचं बुकिंग केलं ते रूममध्ये पत्ते खेळत बसले. तेव्हा ३ ते १८ मे, त्यातही सोमवार ते शुक्रवार.

रस्ता मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, पहाटे पाचला निघालात तर दहा-साडेदहाला कोल्हापुरात. तिथं मुक्काम करा असं मी म्हणेन, अंबाबाईचं दर्शन होईल, मिस्टरांची दर्शनाची इच्छा पण पूर्ण, सासूबाईंच्या गुडघ्यांना आराम. दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरून चार-एक तासात मालवण. फोंडा घाट का गगनबावडा, हे कोल्हापुरात विचारून ठरवा, घाटात कामं निघालेली असतात. आणि घाटाआधी पोरांना मिसळ खाऊ घालू नका, पुढचं तुम्हीच पुसणार आहात.

खर्चाचं म्हणाल तर जाऊन-येऊन आणि तिकडचं फिरणं धरून आठशे-साडेआठशे किलोमीटर होतील, पेट्रोल सहा हजारांच्या आसपास. बाकी पैशात घरगुती राहणं-जेवण नीट बसतं, चकाचक रिसॉर्टच्या मागं लागू नका. पण रूम घेताना एसी घ्या, इथं काटकसर नको. आपण म्हणतो सोलापुरात बेचाळीस काढतो तर तिकडचे चौतीस काय! इथला घाम वाळतो, तिथला वाळत नाही, हवेतच एवढं पाणी की अंगावरचं कुठं जाणार. आपला कूलर पण त्याच कारणानं तिकडं बिनकामाचा, नुसती ओली हवा फेकतो. तळमजल्याची रूम, कमोड, आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, हे तीन प्रश्न सासूबाईंसाठी विचारा. समुद्रावर सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी, मधल्या वेळात वाळू तव्यासारखी असते, तेव्हा झोपा काढा.

शाकाहारी म्हणून घाबरू नका, मालवणात आंबोळी, घावन, काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, सोलकढी, सगळं मिळतं, फक्त सकाळी सांगून ठेवावं लागतं. शेंगाची चटणी न्या, ती टिकते. कडक भाकरी नेणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, एका रात्री उघडी राहिली की दमट हवेनं मऊ पडते. आणि आपले जाड टॉवेल घरीच ठेवा, माझ्याकडं पाच होते, पाचही परत येईपर्यंत ओलेच, डिकीला आठवडाभर वास. पंचे न्या, नाहीतर जुन्या सुती साड्यांचे तुकडे. तुम्ही, मुलगी आणि सासूबाई, तिघींनीही पाण्यात सुती साडी किंवा ओढणी टाळा, पायात गुंडाळली जाते. सासूबाईंना एक प्लॅस्टिकची खुर्ची हॉटेलवाल्याकडून मागून घ्या आणि लाट पायाला लागेल अशा जागी बसवा, आमच्या आत्या अशा दोन तास बसल्या होत्या, उठायलाच तयार नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी दोन वर्षांची आहे. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून मनात आहे, पण एवढ्या लहान बाळाला गोवा झेपेल का? की कोकणच बरं? — विजापूर रोड

उत्तर : दोन्ही करा की! जून २०२५ मध्ये हे विमान सुरू झालं तेव्हापासून मी लोकांना एकच सांगते, ते उतरतं मोपाला, आणि मोपा गोव्याच्या अगदी वरच्या टोकाला पेडण्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटून आहे. तिथून दक्षिण गोव्यात पाळोळेला जायचं तर अडीच तास गाडीत, बाळ रडून हैराण. पाळोळेचा किनारा अर्धचंद्रासारखा, उथळ आणि शांत आहे, लहान बाळासाठी उत्तम, पण मोपावरून लांब पडतो. उलट मोपावरून शिरोडा-वेळागर, रेडी, वेंगुर्ला जवळ. सुरूची सावली, गर्दी कमी, जेवण घरगुती. गोव्याचं तिकीट काढा आणि कोकणात राहा, एक दिवस वाटलं तर मोरजी-आश्वेला जाऊन या. विमान रोज नसतं, तेव्हा जाण्या-येण्याचे वार बघूनच रजा टाका, आणि विमान छोटं असल्यामुळं सामानाचं वजन घरीच करून घ्या.

गोव्यात एक चांगलं आहे, किनाऱ्यावर जीवरक्षक असतात आणि झेंडे असतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही, संपलं, "बाकीचे तर गेलेत" हे कारण चालत नाही. दोन वर्षांच्या बाळाला तसंही समुद्र लागत नाही, ओली वाळू आणि एक वाटी लागते. उलट तिला लाटेच्या आवाजाची भीती वाटली तर ओढून नेऊ नका, दुसऱ्या दिवशी आपणहून जाते.

प्रश्न : एमआयडीसीत कामाला आहे, रजा दोनच दिवस, रविवार धरून तीन. गाडी नाही. बायको आणि आठ वर्षांचा मुलगा. समुद्र जमेल असं वाटत नाही, उजनीलाच जाऊन येऊ का?

उत्तर : उजनी जानेवारी-फेब्रुवारीत जा, भिगवणला रोहित पक्षी बघायला. मे महिन्यात तिथं पाणी आटलेलं, गाळ उघडा, आणि दुपारनंतर वळवाचं वारं कधी सुटेल सांगता येत नाही. २०२४ च्या मे मध्ये कुगाव-कळाशीच्या मध्ये अशाच वाऱ्यात बोट उलटली आणि सहा माणसं गेली. धरणाचं पाणी शांत दिसतं म्हणून आपण त्याला समुद्रापेक्षा सोपं समजतो, तसं नाहीये.

समुद्र जमतो, दादा. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसा, सकाळी मुंबईत. सीएसएमटीवरून टॅक्सीनं गेटवे ऑफ इंडिया जवळच. तिथून मांडव्याला बोट, तासाभराचा प्रवास, आणि मांडव्यावरून अलिबागची बस बहुतेक बोटवाल्यांच्या तिकिटातच असते. दुपारच्या जेवणाला तुम्ही अलिबागमध्ये. राहायला नागाव किंवा वरसोली बघा, नागावचा किनारा लांबलचक आणि सपाट आहे, नारळी-सुपारीच्या वाड्यांत घरगुती खोल्या मिळतात. एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच रस्त्यानं उलटं या आणि रात्रीची सिद्धेश्वर पकडा, तिसऱ्या दिवशी सकाळी सोलापुरात. पोराला रेल्वे, टॅक्सी, बोट, समुद्र, सगळं दोन दिवसांत, शाळा उघडल्यावर सांगायला महिनाभर पुरेल.

काशीदला कुणी नेतो म्हणालं तर बघून या पण पाण्यात नको, तिथं लाटा मोठ्या. सिद्धेश्वरचं रिझर्व्हेशन मे महिन्यात पटकन भरतं, ते आधी काढा, मग रजा टाका. शनिवार-रविवारी अलिबागला अख्खी मुंबई-पुणे लोटतं, म्हणून रविवारला जोडून सोमवार-मंगळवार घ्या, रविवारी रात्री निघा. आणि मांडव्याला उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते खिडकीवर विचारून ठेवा.